वेताच्या खुर्चीत बसलेलं कुणी

माझे धाकटे दीर रंगाच्या दुकानात कामाला आहेत. गिऱ्हाईक भिंतीचा एखादा पोपडा नाहीतर पडद्याचा तुकडा घेऊन येतं आणि ‘हुबेहूब असाच द्या’ म्हणतं. भाऊजी तो तुकडा दारातल्या उजेडाला धरतात, एक डोळा मिटतात आणि रंग मिसळायला लागतात. त्यांच्या नखांच्या कडेला त्या त्या दिवसाचा रंग असतो. बोलणं बेताचं. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत.

आमचं घर दुमजली आहे. खाली मी आणि आमचे हे, वर भाऊजी आणि माझी धाकटी जाऊ. तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. सासूबाई होत्या तोवर त्या वर राहायच्या. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे, तीत बसून रस्ता बघायच्या.

भाऊजींना तरुणपणापासून एकच नाद, फोटोंचा. सुट्टीचा दिवस आला की गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचे ते उन्हं कलल्यावर परत. काय काढून आणायचे? पुलाचे खांब, ओल धरलेल्या भिंती, गंजकी कुलपं. माणूस क्वचित. सासूबाई म्हणायच्या, ‘कुलपांचे इतके काढलेस, आत राहतात त्यांचाही काढ की एखादा.’ भाऊजी म्हणायचे, ‘काढू गं आई. उजेड चांगला पडू दे.’ मनासारखा उजेड काही पडला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून भिंतीवर लावावा लागला. त्यात त्यांचा चेहरा असा फुटलाय की जवळून बघितलं तर नुसते ठिपके दिसतात.

त्यानंतर भाऊजींचा कॅमेरा कपाटात गेला. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘आता सगळ्यांच्याच खिशात कॅमेरा आहे. मी वेगळं काय काढणार?’ हे म्हणायला कारण होतं, पण खरं कारण भिंतीवर होतं, हे मला ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी ते खाटेवर पडून छताकडे बघत राहायचे. नाद सुटलेला माणूस आणि दावं सुटलेलं जनावर, दोघांनाही कुठं जायचं ते कळत नाही.

मग एक डबा आला. रंगाचा लहान डबा, कुणा गिऱ्हाइकाने परत केलेला. टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून त्यातून रंग झिरपत होता. भाऊजींना शाळेतले विज्ञानाचे मास्तर आठवले. त्यांनी म्हणे अंधाऱ्या वर्गात खोक्याला भोक पाडून समोरचं झाड उलटं दाखवलं होतं. भाऊजींनी डबा घरी आणला, खरवडून धुतला, आतून काळा रंगवला. भोकाच्या समोर आतल्या बाजूला निगेटिव्हशिवाय थेट फोटो देणारा कागद चिकटवला, झाकण घट्ट बसवलं, आणि भोकावर काळी चिकटपट्टी. पट्टी काढली की फोटो निघायला सुरुवात, पट्टी लावली की संपला. ना बटण, ना भिंग.

पण कागद मंद. भोकातून उजेड येणार थेंबाथेंबाने. त्यामुळे एक फोटो निघायला सकाळची संध्याकाळ व्हायची. भाऊजींना नेमकं तेच आवडलं. मला म्हणाले, ‘वहिनी, नाद टिकवायचा तर त्याला पोटभर घालू नये. अर्धपोटी ठेवावा. डबा लावायचा आणि कामाला जायचं. दिवसभर मनात असतं, काय येईल. मोबाइलवर लगेच बघून टाकलं की भूकच मरते.’

एवढं लांबलचक वाक्य त्यांच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. बरं वाटलं.

पहिला चांगला फोटो त्यांनी बाजाराच्या चौकाचा काढला. दुकानाच्या पत्र्यावर डबा बांधून ठेवला होता. न्हाणीघरात लाल दिवा लावून धुतला, वाळवला आणि खाली आम्हाला दाखवायला आणला. आमच्या ह्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

‘डब्या, बाजार बंद होता का रे?’ त्यांनी विचारलं. डबा घरात आल्यापासून भावाला त्यांनी हेच नाव पाडलं होतं.

‘भर बाजार होता दादा.’

‘मग माणसं कुठे गेली?’

फोटोत दुकानं होती, पाट्या होत्या, टोपल्यांच्या उतरंडी होत्या. माणूस एकही नव्हता. सगळं गाव एका क्षणात उठून कुठेतरी निघून गेल्यासारखं. फक्त एका पायरीखाली झोपलेलं कुत्रं दिसत होतं, स्वच्छ, शेपटीच्या वळणासकट.

‘माणसं होती,’ भाऊजी म्हणाले. ‘चालती होती ना, म्हणून आली नाहीत. डब्याला हललेलं दिसत नाही. जे तासन्‌तास एका जागी असतं तेवढंच कागदावर धरतं.’

‘म्हणजे मी दिवसभर घरी असतो, तो मी येईन यात,’ हे म्हणाले.

‘तुम्ही नाही येणार,’ मी म्हटलं. ‘दर घटकेला चहा मागायला उठता.’

सगळे हसलो. धाकटीही हसली. पण तो फोटो मी दुसऱ्यांदा बघितला नाही. ज्या रस्त्यावर मी त्या दिवशी भाजी घेतली होती तिथे मी नव्हते. कुणीच नव्हतं. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि भाजी निवडायला बसले.

तेव्हापासून आमच्या घरात हा नियम सगळ्यांना पाठ झाला. हलेल तो दिसणार नाही, थांबेल तो दिसेल. पुढे जे झालं ते हा नियम इतका पाठ होता म्हणूनच झालं.

थंडीत भाऊजींचा खोकला बळावला. डॉक्टरांनी पत्र्यांवर, गच्च्यांवर चढणं बंद करायला सांगितलं. मग ते घरातच डबे लावू लागले. आधी जिन्याचा फोटो, मग ओट्याचा. एक दिवस वरच्या बैठकीच्या खोलीत, कपाटावर डबा ठेवून गेले. ‘घर आपल्याशिवाय कसं दिसतं ते बघू,’ असं म्हणून.

संध्याकाळी मी धुतलेले कपडे घेऊन वर गेले होते. भाऊजी न्हाणीघरातून ओला कागद चिमट्यात धरून बाहेर आले. दिव्याखाली उभे राहिले. कागद उजेडात कलता करून बघितला.

‘वहिनी, जरा बघा.’

खिडकी होती. मेज होतं. भिंतीवरचं घड्याळ होतं, त्याला काटे नव्हते, कारण काटे फिरते. आणि खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

पुसट होतं. खुर्चीच्या पाठीची वीण अंगातून आरपार दिसत होती. चेहऱ्याच्या जागी धूर. खांद्यांचा उतार मात्र कळत होता, आणि मांडीवर काहीतरी पांढरं घेतलं होतं. सगळ्यात स्पष्ट होते पाय. जमिनीवर शेजारी शेजारी टेकवलेले दोन पाय.

माझ्या हातातले कपडे मी खाटेवर ठेवले. ठेवले की पडले, आठवत नाही.

‘आज कुणी आलं होतं का गं?’ भाऊजींनी आत विचारलं.

धाकटी ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. ‘कोण येणार?’

‘मग तू बसली होतीस का खिडकीत?’

‘मला बसायला फुरसत आहे का?’ ती मान वर न करता म्हणाली. ‘कपडे, भांडी, केर, त्यात तुमच्या फोटो धुवायच्या औषधांच्या बाटल्यांनी न्हाणीघर भरलेलं. बसतेय कुठली.’

ते खरंच वाटलं. का वाटू नये? घर आरशासारखं होतं. ओटा कोरडा, चादरीला सुरकुती नाही. शिवाय धाकटी म्हणजे आमच्या घरातला भोवरा. बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायच्या पट्ट्यावर तिची उमेदीची वर्षं गेली. हात एवढे चपळ की पुडा कधी मिटला ते बघणाऱ्याला कळायचं नाही. कारखाना बंद पडला, मग मुलगी लग्न होऊन दूर गेली, तेव्हापासून ती घरी. पण घरी म्हणजे काही बसून नव्हे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

फोटो खाली आला. आमच्या ह्यांनी तो उजेडात धरला.

‘भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. हे तर सुलटे आहेत.’

‘दादा, थट्टा नको,’ भाऊजी म्हणाले. आवाज वेगळा होता.

‘अरे, जिवंत माणूस दिवसभर न हलता बसेल का? मला मिनिटभर बसवत नाही.’

‘तेच म्हणतोय मी,’ भाऊजी म्हणाले. ‘जिवंत माणूस नाहीच बसणार.’

हे ऐकून कुणी हसलं नाही. भाऊजी भिंतीवरच्या त्या ठिपक्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सासूबाई त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशी, पाय असेच जोडून बसायच्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी डबा पुन्हा तिथेच लावला. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी पट्टी काढायची, संध्याकाळी लावायची, न्हाणीघरात शिरायचं. रोज खुर्चीत ती आकृती. आणि रोज थोडी जास्त दाट. आधी खुर्चीची वीण आरपार दिसायची, मग दिसेनाशी झाली. मांडीवरचे हात दिसू लागले, एकावर एक ठेवलेले. तोंड मात्र कधी नाही.

भाऊजींना इतकं खुलताना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघितलं नव्हतं. खोकला विसरले. जिना चढताना शीळ घालायचे. दुकानातून निघाले की वाटेत कुठे थांबायचे नाहीत. मला एकदा जिन्यात गाठून हळूच म्हणाले, ‘वहिनी, मी तिचा एक फोटो काढला नाही आयुष्यात. आता ती रोज बसते. मला वाटतं, तोंड दिसेपर्यंत बसेल.’

मी देवाला मानते. गेलेलं माणूस देवाच्या पायाशी जातं आणि तिथे त्याला बरं असतं, असं माझी आई सांगायची. मग सासूबाईंना आमच्या वेताच्या खुर्चीत परत येऊन बसायला काय दुःख पडलं असेल? हा विचार रात्री उशीवर डोकं टेकलं की यायचा. मी जास्त वेळ जप करू लागले. छताकडे बघणं टाळू लागले, कारण छताच्या वर ती खोली होती.

एका सकाळी भाऊजींनी सासूबाईंची राखी रंगाची शाल ट्रंकेतून काढली आणि घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवली. ‘थंडी आहे,’ एवढंच म्हणाले. धाकटी तिथेच उभी होती, तिने शालीकडे बघितलं आणि केरसुणी उचलली.

संध्याकाळी आलेल्या फोटोत शाल खुर्चीच्या हातावर नव्हती. आकृतीच्या खांद्यांवर होती.

आमचे हे त्या दिवसापासून थट्टा करायचे थांबले. मला म्हणाले, ‘वर एकटीच असते गं ती दिवसभर. तिला भीती वाटत नसेल?’

तोवर ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. आम्हाला भीती वाटत होती, भाऊजींना आनंद होत होता, आणि ज्या खोलीत हे सगळं चालू होतं त्या खोलीत दिवस काढणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून बघू लागले. धाकटी खाली यायची थांबली होती. दुपारच्या भांड्यांचा आवाज येत नव्हता. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या, इतकी ती उतरली होती. मला वाटलं, ते जे काही आहे, ते हिला पोखरतंय.

त्याच दुपारी मी वर गेले. देवाचं नाव घेत, कठड्याला धरून. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत नळ वाहत होता, बारीक धार. ओट्यावर सकाळची खरकटी भांडी तशीच, अंथरुणं तशीच, केर खोलीच्या मधोमध गोळा करून तिथेच सोडलेला, वर केरसुणी आडवी. कपाटावर डबा होता आणि त्याचं बारीक भोक खिडकीकडे बघत होतं. आणि खुर्चीत, पाठमोरी, राखी शाल पांघरलेली कुणी बसली होती.

हाक मारायची होती. कुणाच्या नावाने मारायची ते सुचेना.

‘सासूबाई,’ असं माझ्या तोंडून गेलं.

ती हलली नाही. मी भिंतीला धरून पुढे गेले. आधी पाय दिसले, शेजारी शेजारी टेकवलेले. मग मांडीवरचा उशीचा पांढरा अभ्रा, अर्धा घडी केलेला, त्यावर एकावर एक दोन हात. बांगड्या ओळखीच्या होत्या.

धाकटी होती. डोळे उघडे. खिडकीतून बाहेर बघत होती, पण खाली रस्त्यावरून एक गाडी भोंगा वाजवत गेली तरी तिची नजर त्या गाडीमागे गेली नाही. मी समोर उभी राहिले, तिच्या आणि उजेडाच्या मध्ये. तरी क्षणभर ती माझ्यातून आरपार बघत राहिली. फोटोत खुर्चीची वीण दिसायची ना, तसं. त्या क्षणी मी जितकी भ्याले तितकी भुतालाही भ्याले नसते.

‘अगं,’ मी तिच्या हाताला हात लावला. हात गार होता. ‘अगं धाकटे.’

ती हळूहळू परत आली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

‘ताई. बाजूला व्हा ना,’ ती म्हणाली. ‘उजेड अडतोय. फोटो बिघडेल.’

मी कपाटाकडे गेले, डब्याच्या भोकावर पट्टी दाबून लावली, नळ बंद केला आणि तिच्या पायाशी खाली बसले.

‘कधीपासून बसतेस अशी?’

‘माहीत नाही. मुलगी गेल्यावर कधीतरी. सकाळी हे गेले की वाटतं, जरा टेकू, मग उठू. मग उठताच येत नाही. शेजारची शाळा सुटल्याची घंटा झाली की भीती वाटते, हे येतील. मग धावत सगळं आवरते. तेवढ्यापुरते हात चालतात कारखान्यातल्यासारखे.’

‘मग त्या दिवशी विचारलं तेव्हा सांगायचं नाही का?’

‘काय सांगू? नवरा खोकत दिवसभर उभा राहतो आणि मी बसून असते, हे?’ तिने अभ्र्याची घडी उलगडली, परत घातली. ‘आणि मग त्यांनी फोटो बघितला. आई आल्या म्हणाले. ताई, किती दिवसांनी ते हसले होते. मग मी नीट बसू लागले. हलायचं नाही, पाय जुळवून. शाल ठेवली, ती घेतली. दिवसभरात माझ्या हातून तेवढी एकच गोष्ट धड होत होती.’

‘तोंड का येत नव्हतं?’

‘आलं असतं तर आई राहिल्या नसत्या ना. मधून मधून मान फिरवायचे. तेवढंच काय ते हलायचे.’

मी तिला खाली आणलं. आमच्या ह्यांना म्हटलं, हिच्याजवळ बसा, चहा करून द्या, गप्पा मारू नका. आणि मी तशीच रंगाच्या दुकानात गेले. आयुष्यात त्या दुकानात मी दोनचारदाच गेले असेन. भाऊजी आतल्या बाजूला डबा ढवळत होते, फिकट पिवळा कसला तरी. मला बघून त्यांचा हात थांबला.

‘वहिनी? घरी काही झालं?’

‘झालंय. कधीचंच. आज दिसलं.’

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता, जे पाहिलं ते. ते ऐकत होते आणि ढवळत होते. रंग कधीच एकजीव झाला होता, तरी ढवळत होते.

‘नाही वहिनी. तुम्ही शाल बघून फसलात. ती आई आहे. पायांवरून कळतं मला.’

‘भाऊजी, सासूबाई देवाघरी आहेत. त्यांना तिथे बरं आहे. खुर्चीत जी बसते ती अजून गेलेली नाही. पण अशीच बसत राहिली तर जाईल.’

‘तिला बसायला फुरसत कुठे असते…’ असं म्हणता म्हणता ते थांबले. आपण कुणाचं वाक्य बोलतोय ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. ‘रोज थोडी दाट होत होती,’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘म्हणजे रोज आणखी थोडा वेळ… आणि मी शीळ घालत होतो.’

ढवळायची काठी त्यांनी डब्यावर आडवी ठेवली. मालकाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. भर दुपारी, पिवळ्या हातांनी, ते माझ्या पुढे चालत घरी आले.

खाली आमच्या बैठकीत धाकटी चहाचा कप धरून बसली होती. चहा तसाच होता, वर साय धरलेली. भाऊजी तिच्यासमोर उकिडवे बसले. तीच आधी म्हणाली, ‘फोटो अर्धाच राहिला आजचा. ताईंनी पट्टी लावली.’

‘राहू दे,’ भाऊजी म्हणाले.

‘आई नव्हत्या त्या.’

‘कळलं.’

‘रागावलात?’

भाऊजींनी नाही अशी मान हलवली. मग त्यांचे खांदे हलू लागले. आमच्या ह्यांनी मला खूण केली, आम्ही दोघं ओसरीवर जाऊन उभे राहिलो.

पुढचं सगळं झटपट झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. तसं होत नाही. चांगली डॉक्टरीण मिळाली. तिने सांगितलं की हा आळस नाही, आजार आहे, आणि याला औषध आहे. औषधाने आधी नुसती झोप यायची. भाऊजींनी रजा काढली, मग अर्धा दिवस कामावर जाऊ लागले. मी दुपारी वर जाऊन बसायचे. कधी ती बोलायची, कधी आम्ही दोघी गप्प असायचो आणि मी मनात जप करायचे. मुलगी येऊन राहून गेली. डबा भाऊजींनी माळ्यावर टाकला होता. फोटोंचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणायचे, ‘नाद नव्हता तो वहिनी. माझी बायको खात होतो मी.’

डबा खाली काढला तो धाकटीने.

‘लावा,’ ती म्हणाली. ‘बघू, मी असते का.’

भाऊजी तयार होईनात. तिने स्वतः तो कपाटावर ठेवला, सकाळी स्वतः पट्टी काढली. त्या संध्याकाळचा फोटो मी बघितला. आकृती होती. पण आधीसारखी दाट नाही, खुर्चीची वीण दिसत होती. त्यानंतर दर सुट्टीच्या आधल्या दिवशी ते डबा लावू लागले. कधी धूर कमी, कधी जास्त. एकदा खुर्चीत कुणीच नव्हतं. नुसती खुर्ची, नुसती खिडकी. लोक फोटोत माणूस यावं म्हणून धडपडतात, आणि आमच्या घरी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून भाऊजी न्हाणीघराच्या दारात खाली बसले.

त्याच्या पुढच्याच खेपेला आकृती परत होती. औषध असं सरळ रेषेत काम करत नाही, हे तोवर आम्हाला कळलं होतं.

मी सांगतेय ती संध्याकाळ अलीकडचीच. भाऊजी दुकानातून आले, हात धुतले, डब्याच्या भोकावर पट्टी लावली आणि न्हाणीघरात लाल दिवा लावायला निघाले. मी वरच होते. धाकटी ओट्यापाशी होती. ओट्यावर भांडी होती, सकाळचीच, आणि तिने ती लपवली नव्हती.

‘आज बसले होते,’ ती म्हणाली.

भाऊजी थांबले.

‘जेवायच्या वेळेपर्यंत बसले. मग उठले. मग परत बसले. शाल घेतली नाही. आज तसाच दिवस होता.’

‘बरं,’ भाऊजी म्हणाले.

‘धुवून बघा, दिसेल.’

भाऊजी डबा हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तिथेच, ओट्याच्या दिव्याखाली, नखाने झाकणाची कड उचकटली आणि डबा उघडला. मी घाबरून ‘अहो’ म्हटलं, कारण उजेड लागला की कागद वाया, एवढं मलाही ठाऊक होतं. त्यांनी कागद बाहेर काढला. आधी पांढरा होता, मग बघता बघता गुलाबी झाला, मग जांभळट, मग सगळीकडे सारखाच राखी. त्यात काही दिसलं नाही, आणि कुणी बघायला वाकलंही नाही.

त्यांनी तो मेजावर ठेवला, बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारी उभं राहून भांडी घासायला घेतली.